शब्बीरमामूंची कात्री

शब्बीरमामूंनी माझ्या वार्षिक नियोजनाला कात्री लावली, असं मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, मी अलंकारिक बोलतोय. नाही हो. खरी कात्री. शिंप्याची, लांब पात्यांची, लोखंडी.

बेंबळीजवळ आमच्या शेतकरी कंपनीची डाळमिल आहे. मी तिथला व्यवस्थापक. दरवर्षी हंगामाआधी मी वर्षभराचं नियोजन लिहितो. तूर किती घ्यायची, कधी भरडायची, कुणी काय करायचं, सगळं. स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. लोक ते आदरानं घेतात आणि कपाटात ठेवून देतात. आमच्या अध्यक्षा सुलोचनाताई त्यावर चहाचा कप ठेवतात.

मामू गोदाम सांभाळतात. साठी ओलांडलेली. आधी नळदुर्गला शिलाईचं दुकान होतं. दुकान सुटलं, गळ्यातली टेप सुटली नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नियोजनाची प्रत घेतली, स्प्रिंग उपसली आणि सगळ्यांदेखत कापायला बसले. चाळणीचा मजकूर चाळणीवरच्या सरूबाईंना, पॅकिंगचा दत्तूला. एकेक तुकडा सुतळीनं ज्याच्या त्याच्या मशीनला टांगला.

"मामू, हे काय?" मी ओरडलो.

"सायेब, आख्खा तागा कुनी अंगावर घालतंय का? ज्याचं त्याला बेतून द्यावं लागतंय."

मग मापं घेणं सुरू झालं. सरूबाईंना विचारलं, "दिसाला किती पोती चाळून व्हत्यात? खरं सांगा. सायबाला खूश करू नका."

मी साठ लिहिली होती. बाई म्हणाल्या, "चाळीस. आन् बाजारादिवशी येकबी बाई येत न्हाय."

मामूंनी माझे साठ खोडले, चाळीस केले, बाजाराचा दिवस मोकळा सोडला. तेव्हापासून दर सोमवारी प्रत्येक मशीनपुढं उभं राहून विचारायचे, "कुठं घट्ट व्हतंय? कुठं ढिलं?" आणि तिथल्या तिथं पेन्सिलीनं आकडे बदलायचे.

त्या हंगामात आमच्या दारात एकही गाडी ताटकळली नाही. सभेत सुलोचनाताई म्हणाल्या, "औंदा नियोजन कामाला आलं ते मामूंमुळं." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दोन.

खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. लिहिलं कुणी? मी. व्यवस्थापनाची पदविका कुणाकडं? माझ्याकडं. आणि दत्तू रजा मागायलासुद्धा माझ्या टेबलापुढून सरळ मामूंकडं जायचा! दोन हंगाम हे सोसलं. घरात नुसती टेप दिसली तरी माझं डोकं फिरायचं. बायको म्हणायची, "अहो, ती माझी आहे. ठेवा खाली."

शेवटी यंदा एका रविवारी मिल बंद असताना मी गेलो आणि टांगलेले सगळे कागद काढून आणले. 'मशीनवर कागद नकोत, शिस्त हवी' असं कारणही तयार ठेवलं. किल्ली मात्र मामूंकडूनच मागून घेतली होती. जळणाऱ्या माणसाला एवढंही सुचत नाही.

सोमवारी गोंधळ उडाला. सोलापूरच्या गिऱ्हाइकाला एक-एक किलोची पाकिटं हवी होती; कागद नाही म्हणून दत्तूनं सवयीनं पोती भरली. गाडी दारात उभी. सुलोचनाताई तणतणत आल्या. "कागद कुणी काढले?"

तयार कारण बाजूला ठेवून मी पावतीपुस्तक चाळू लागलो.

"म्या काढले," मामू म्हणाले. "मापं बदलायची व्हती. परत लावायचं ध्यानात न्हाय राह्यलं."

ताई त्यांना सगळ्यांसमोर नको नको ते बोलल्या. मामू खाली मान घालून ऐकत राहिले. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. मग दत्तूबरोबर बसून स्वतः पाकिटं भरू लागले. मीही जाऊन बसलो.

संध्याकाळी न राहवून त्यांच्या घरी गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. एक खोली, स्टोव्ह, एक शिलाई मशीन. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. मशीनच्या फळीवर माझी सगळ्या वर्षांची नियोजनं रचून ठेवलेली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. एकाही पानाला कात्री लागलेली नव्हती.

"ही कापली नाहीत?"

"कापायची येगळी. ही वाचायची."

"पूर्ण वाचलीत?"

"मोठ्यानं वाचतो रोज थोडं थोडं. सरूबाई सकाळी काय करनार, दत्तू कवा यीनार, तुमी कुठल्या गावाला जानार, समदं लिवलंय की त्यात. घरात मानसं असल्यावानी वाटतंय."

मी वरचं नियोजन उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. मग म्हणालो, "मामू, ते कागद मी..."

"ठावं हाय." त्यांनी चहाची बशी माझ्यापुढं सरकवली. "औंदा जरा जास्त लिवा, सायेब. लई लवकर सरतंय."