सकाळी बिघडणारी पिकअप

गाड्यांमधलं मला कळतं. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही.

आमचं काचांचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, टेबलांच्या काचा, आरसे. बाबा काच कापतात, आई फोनवर सगळ्यांना ‘उद्या नक्की’ असं सांगते आणि माल पोचवायचं काम माझं. जुना टेम्पो निकालात निघाला तेव्हा पिकअप घेऊ या, असं मीच म्हणालो. साधीसुधी नाही, कोरी करकरीत ऑटोमॅटिक! गिअर आपले आपण बदलतात!

“आणि बिघडली तर?” बाबांनी विचारलं.

“नवी गाडी बिघडत नाही, बाबा. आणि बिघडलीच तर मी बसलोय ना!”

“तू बसलेलाच असतोस,” बाबा म्हणाले. “त्याचीच तर भीती आहे.”

पण गाडी आली. शोरूममधल्या टायवाल्याने चावी देताना मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, “सर, ही गाडी शिकते बरं का. तुम्ही कशी चालवता ते बघते आणि गिअर कधी बदलायचा ते लक्षात ठेवते. थोडे दिवस द्या तिला.” मला भरून आलं. शिकायची आवड असलेलं कोणीतरी आमच्या घरात पहिल्यांदाच येत होतं.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली, तर डॅशबोर्डवर इतके दिवे लागले की मला वाटलं, आता उठून फीत कापायची आहे! घड्याळात बारा. रेडिओची लावलेली स्टेशनं गायब. आणि पहिला गिअर बदलला तो असा, की मागून बैलाने ढुशी दिली असावी. मी खरंच मागे वळून बघितलं. बैल नव्हता.

दिवसभर चालवली तशी ती हळूहळू ताळ्यावर आली. संध्याकाळी अंगणात अशी अलगद शिरली, की सकाळचे धक्के मलाच भास वाटायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दिवे, पुन्हा बारा, पुन्हा बैल!

“सकाळी तूही असाच असतोस,” आई म्हणाली. “थोडा वेळ बोलू नकोस तिच्याशी.”

रोज मी घड्याळ लावायचो, स्टेशनं शोधायचो, गाडीला गिअर शिकवायचो. रोज सकाळी पाटी कोरी! माझ्या शाळेतल्या मास्तरांना माझ्यापायी काय सोसावं लागलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही वाळू विकत असतो तर काही बिघडलं नसतं. धक्के खाऊन वाळू उलट नीट बसते. पण आमचा माल काच! एका सकाळी सलूनवाल्याचा आरसा नेत होतो. वळणावर बैलाने ढुशी दिली आणि आरशाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. सलूनवाल्याने आरशात वाकून बघितलं.

“यात मी दोनदा दिसतोय.”

“दुकान भरलेलं वाटेल,” मी म्हणालो.

आरसा परत आला. मी निघालो तेव्हा त्यातले दोन्ही सलूनवाले माझ्याकडे सारख्याच रागाने बघत होते.

बाबांनी हातातलं काम खाली ठेवलं. बाबा काम खाली ठेवतात तेव्हा आम्ही श्वास वर ठेवतो.

“येत्या नाही, पुढच्या शनिवारी डान्सवाल्या बाईंचा आरसा पोचवायचाय. अख्खी भिंतभर आहे. रविवारी त्यांचा क्लास सुरू होतोय. त्या आरशाला नुसता ओरखडा जरी आला ना, तर ही गाडी तुझ्या मामाला देऊन टाकायची आणि त्याचा टेम्पो घ्यायचा. संपला विषय!”

मामाचा टेम्पो! त्याचं दार आतून एका हाताने ओढून धरावं लागतं. वळणावर दोन्ही हात लागतात, म्हणून मामा शक्यतो सरळच जातो. त्याची कामं जिकडे असतात तिकडे तो जात नाही. रस्ता जिकडे नेईल तिकडची कामं घेतो. त्याच संध्याकाळी मामा घरी आला, पिकअपमध्ये बसला आणि सीट पुढेमागे करून आपल्या मापाची लावून गेला. चहालाही थांबला नाही.

आता मात्र मी कंबर कसली. आधी व्हिडिओ बघितले. मग सगळे फ्यूज काढले, पुसले आणि पुन्हा बसवले. त्यातले बरेचसे आपापल्या जागी बसले असावेत. कारण बाकी सगळं तसंच राहिलं, फक्त ब्रेक दाबला की वायपर चालू व्हायचा. भर उन्हात सिग्नलला मी थांबलो की माझा वायपर फडफडायचा आणि शेजारचे स्कूटरवाले आकाशाकडे बघायचे. एकाने तर डिकीतून रेनकोट काढून चढवला!

शेवटी गाडी शोरूमला नेली. त्यांनी ती काही दिवस ठेवून घेतली. परत आणायला गेलो तर टायवाला एखाद्या हुशार मुलीबद्दल बोलावं तसा बोलत होता.

“फ्यूजशी कोणीतरी खेळलं होतं, ते सरळ केले, सर. बाकी काही दोष नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, फार शहाण्यासारखी वागली.”

“आमच्याकडे नाही वागत हो!”

टायवाल्याने आवाज खाली आणला. “घरी काही ताणतणाव आहे का, सर?”

घरी आणली आणि दुसऱ्याच सकाळी बैल हजर!

मग मी मोबाइलला जोडायचं एक यंत्र मागवलं. गाडीला लावलं की दुखणं काय आहे ते पडद्यावर दिसतं. लावलं. पडदा भरून वाहिला. त्याचा सारांश एवढाच, की गाडीचा वीजपुरवठा मधूनच तुटतो, म्हणून गिअरबॉक्सला काही सुचत नाही. मी डोकं चालवलं. वीज तुटते, म्हणजे वायर तुटते. शोरूममध्ये तुटत नाही, आमच्याकडेच तुटते. म्हणजे कुरतडणारा आमच्याकडेच राहतो!

“उंदीर!” मी ओरडलो.

“माझ्या घरात उंदीर नाही,” आई म्हणाली. तिचा चेहरा असा झाला, की उंदीर मीच असावा.

“घरात नाही गं, बॉनेटमध्ये!”

शुक्रवारी संध्याकाळी बाजारातून सगळ्यांत दणकट सापळा आणला. खटका इतका कडक, की लावताना मी दोनदा देवाचं नाव घेतलं. पावाचा तुकडा अडकवून तो बॅटरीच्या शेजारी ठेवला, बॉनेट लावलं आणि स्वयंपाकघरात येऊन बसलो. दिवेलागणीची वेळ. आईने कप पुढे ठेवला. पहिला घोट घशाखाली जातो न जातो, तोच अंगणातून आवाज आला. खट्! आणि पाठोपाठ किंकाळी.

“सापडला!” मी उडी मारली.

“उंदीर ‘अगं आई गं’ म्हणतो का रे?” आई म्हणाली.

बाहेर धावलो. बॉनेट उघडं. बाबांच्या एका हातात पाना आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला लोंबणारा सापळा. पावाचा तुकडा शाबूत.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चुकीचाच, पण लख्ख!

“बाबा! मामाला गाडी मिळावी म्हणून तुम्ही स्वतःच वायरी तोडताय?”

“आधी हे काढ!”

“आधी कबूल करा!”

“अरे गाढवा, बोट चाललंय माझं!”

आईने मला बाजूला ढकललं आणि सापळा एका झटक्यात उघडला. मग बोट थंड पाण्यात, बाबा पायरीवर आणि मी समोर उभा.

“बॅटरीची वायर काढत होतो,” बाबा म्हणाले. “रोज काढतो.”

“रोज?”

“मग? दिवसभर राबते बिचारी. रात्रभर तिला उगाच जागं ठेवायचं? पहाटे उठून पुन्हा लावतो की! तुला कधी तोशीस लागू दिली?”

मी आईकडे बघितलं, आई माझ्याकडे. आमच्या घरात झोपण्याआधी टीव्ही, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांच्या पिना निघतात. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांचे चार्जरसुद्धा बाबा उपसून ठेवतात. फ्रिज तेवढा आईच्या वशिल्याने वाचलाय. जुन्या टेम्पोचीही वायर बाबा रोज काढायचे. पण त्या टेम्पोकडे विसरण्यासारखं काही नव्हतंच!

“अहो बाबा, वायर काढली की ही शिकलेलं सगळं विसरते! तुम्ही तिला रोज नव्याने पहिलीत बसवताय!”

“मला काय माहीत गाड्या शिकतात ते? तू इतकी वर्षं शिकलास, तुझं कुठे काय पुसलं गेलं?”

“पुसायला आधी असावं लागतं,” आई म्हणाली.

मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. वायरचं टोक बोटाने हलत होतं. “आणि ही घट्ट का नाही बसवत तुम्ही?”

“घट्ट बसवली की संध्याकाळी काढायला त्रास होतो.”

मी पायरीवर बाबांच्या शेजारी जाऊन बसलो. मग मी पाना घेतला आणि ती वायर अशी आवळली, की आता ती काढायची तर गाडीच कापावी लागेल.

पण आरसा उद्याच जायचा होता आणि गाडी पुन्हा पहिलीत! तेव्हा त्याच संध्याकाळी शिकवणी घ्यायला बाहेर काढली. बोटाला पट्टी बांधून बाबा शेजारी बसले. चढावर गाडीने एक धक्का दिला, तशी माझ्या तोंडून शिवी निघाली.

“ओरडू नकोस रे तिच्यावर,” बाबा म्हणाले. “हळू शिकव.”

मला त्यांनी असं कधीच शिकवलं नव्हतं. पण मी हळू शिकवलं. गावाला तीन फेऱ्या मारल्या आणि बैल कुठेतरी वाटेत उतरून गेला.

शनिवारी सकाळी बाबा पहाटेच उठले होते. सवयीने. करण्यासारखं काही नसल्यामुळे गाडीभोवती नुसते फिरत होते. मी चावी फिरवली. दिवे नाहीत! घड्याळात खरी वेळ! भिंतीएवढा आरसा हौद्यात उभा बांधला आणि निघालो. मागून येणारा एक स्कूटरवाला समोरून येणाऱ्या स्वतःला वाट द्यायला थांबला. गतिरोधक आला, आरसा हलला नाही. वळण आलं, चढ आला. गिअर कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही.

डान्सवाल्या बाईंनी आरशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाक लावून बघितलं. एक ओरखडा नाही! मग त्या आरशासमोर एक गिरकी घेऊन म्हणाल्या, “मस्त!” मामाला तिथूनच फोन केला, की सीट पुन्हा माझ्या मापाची लावली आहे.

घरी परतलो, तर बाबा अंगणात हात पुढे करून उभे.

“चावी.”

“कशाला?”

“इतकी चांगली चालते म्हणतोस, बघू तरी.”

तर गाडी घरातच राहिली. दृष्ट लागावी अशी चालते आणि रोज बाबाच चालवतात. तिने आता माझं सगळं विसरून त्यांचं लक्षात ठेवलंय. मी हौद्यात आरसा धरून बसतो. तक्रार काही नाही. सिग्नल लागला की भांग तेवढा नीट पाडून घेतो.