तिसरा बांगडा

धोंडू साटमांच्या घरात चार बांगडे आले की दोन चिंतामणीच्या खोलीत, दोन दौलतच्या. तीन आले तर तिसरा मांजराला. चिरून वाटायची सोय नव्हती. डोकं कुणाला आणि शेपटी कुणाला, यावरून हे दोघे सख्खे भाऊ एकदा सहा महिने बोलले नव्हते. लालबागच्या चाळीत खोल्या समोरासमोर, आणि म्हातारे आईबाप पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे.

त्यामुळे गिरण्यांच्या संपानंतर एकोणतीस वर्षांनी गिरणी कामगारांना घरं मिळणार असं कळलं, तेव्हा धोंडूला आनंदाआधी घाम फुटला. पुरावा म्हणून धोंडूचं गिरणीतलं नंबराचं तिकीट, हजेरी कार्ड आणि फंडाची पावती होती. पण ती ठेवायची कुणाच्या कपाटात?

तोडगा दौलतने काढला. कागद स्कॅन करायचे, दोन्ही खोल्यांतले कॉम्प्युटर वायरने जोडायचे, आणि असा प्रोग्राम टाकायचा की एकावर जे होईल तेच दुसऱ्यावर होईल.

"दोघांकडे सेम टू सेम, बाबा. लफडाच नको."

"माका पटला," धोंडू म्हणाला.

घडीवर फाटलेले मूळ कागद ट्रंकेत गेले आणि वर्षभरात वाळवीने ते फस्त केले. कुणाला हळहळ वाटली नाही. कॉम्प्युटरवर होते ना!

अर्जाचा शेवटचा दिवस शुक्रवार. बुधवारी संध्याकाळी चिंतामणीने कॉम्प्युटरवर अर्ज भरायला घेतला आणि वारस म्हणून स्वतःचं नाव टाकलं. मोठा मुलगा, त्याला कोण विचारणार! पाच मिनिटांत समोरून आवाज आला.

"दादा, माझ्या कॉम्प्युटरवर तुझं नाव कसं आलं?"

"मोठा कोण?"

"आणि बाबांच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात कोण बसलेला? तू?"

दौलतने नाव बदललं. शेवटी लिहील त्याचं खरं, असा त्या प्रोग्रामचा कायदा. मग चिंतामणीने बदललं. मग पुन्हा दौलतने. जेवणं गार झाली, तरी दोन्हीकडून टकटक चालूच.

"अरे मेल्यांनो, वारस कसले लिवतास? मी अजून जितो आसंय!" धोंडू गॅलरीतून ओरडला. त्याचं ऐकतो कोण?

मग दोघांनी अकलेचे तारे तोडले. चिंतामणीने सगळे कागद गुपचूप 'शाळेची फी' नावाच्या फोल्डरमध्ये हलवले. तो फोल्डर लगेच दौलतच्या पडद्यावर उगवला. दौलतने कागद 'चिंबोरी रेसिपी' नावाच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतले आणि दादाची फी उडवली. ती रेसिपी तेवढ्यात चिंतामणीकडे पोचली. त्याने उघडून पाहिली, आत कागद!

"चोर साला!" असं म्हणून त्याने रेसिपी उडवली. आपली फी शाबूत आहे याची त्याला खात्री होती. बापाला कळू नये म्हणून दोघांनी कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली. प्रोग्राम मात्र इमानदार. त्याने दोन्ही घरांत सगळं सारखं करून ठेवलं.

शुक्रवारी दोन्ही कॉम्प्युटरवर कागद सापडले नाहीत, आणि धोंडू रिकाम्या हाताने कचेरीत गेला.

"पुरावा?" कारकुनाने विचारलं.

धोंडूने डावा हात टेबलावर ठेवला. त्यावरची दोन बोटं गिरणीतल्या मागाने कधीच खाल्ली होती.

कारकुनाने हात नीट पाहिला. "आजोबा, यावर तिकीट नंबर कुठाय?"

त्याचंही चूक नव्हतं. बोटं जाताना नंबर लिहून जात नाहीत.

धोंडू बाजारातून घरी आला तेव्हा गॅलरीत दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे होते. बऱ्याच वर्षांनी.

"बाबा, झालं काम?" चिंतामणीने विचारलं.

"कोणाचं नाव लावलं?" दौलतने विचारलं.

धोंडूने पिशवी बायकोच्या हातात दिली. मंजुळाने आत पाहिलं.

"ओ, एकच बांगडो? दोन घरांत वाटूचो कसो?"

धोंडूने तो बांगडा परत घेतला आणि गॅलरीत मांजरासमोर ठेवला.

"झाली वाटणी," तो म्हणाला. "आता भांडा नकात."

मांजराने डोक्याकडून सुरुवात केली. दोघे भाऊ शेपटीकडे बघत राहिले.