कबरेवरचा टायर

ईस्टरनंतरचे पन्नास दिवस याकोबनाना कुणाला नमस्कार करत नाहीत. माणूस दिसला की बोट वर करून म्हणतात, "येशू उठला हाय." त्यावर समोरच्यानं "खरंच उठला हाय" म्हणायचं असतं. म्हटलं नाही तर नाना तिथून हलत नाहीत. शिरूर कासारच्या एसटीत कंडक्टरनं त्यांना कुठं जायचं म्हणून विचारलं, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "उठू द्या. तुमी बसा."

नाना बसले नाहीत. घाटापर्यंत उभे राहिले. शेवटी कंडक्टरनं वैतागून योग्य ते उत्तर दिलं, तेव्हा कुठं तिकीट काढलं. स्टँडवरचा चहावाला शहाणा आहे. त्याच्या टपरीत गणपतीचा फोटो आहे, पण नाना दिसले की तो लांबूनच उत्तर देऊन मोकळा होतो. धंद्याच्या वेळेला कटकट नको म्हणतो.

मी आमच्या चर्चच्या तरुण मंडळाचा सचिव. मंडळात तरुण म्हणावा असा एरवी मी एकटाच असतो, कारण दिवाळीनंतर वस्तीतले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला निघून जातात आणि मागं म्हातारी माणसं, शेळ्या आणि नाना उरतात. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक बघाल तर एखाद्या दवाखान्याच्या रांगेसारखी दिसते. पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे पाय धुवायला, फादरांना बारा माणसं मिळत नाहीत. ज्यांच्या घामावर साखर होते त्यांनाच सण मिळत नाही, याची मला भयंकर चीड आहे. तसं पत्रक मी काढलं होतं. उरलेल्या प्रती नानांनी कबर चिकटवायला नेल्या. माझा निषेध आतल्या बाजूला, उलटा लागला.

तर ही कबर. दर वर्षी नाना पत्र्याच्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला बांबू, गोणपाट आणि कागद लावून येशूची कबर करतात. तोंडाशी धोंडा म्हणून ट्रॅक्टरचा जुना टायर, तोही गोणपाटात गुंडाळलेला. इथवर कौतुकच आहे. पण ईस्टरच्या मिस्साला आम्ही टायर बाजूला लोटला, आलेलूया गायलो, नारळाच्या वड्या खाल्ल्या, आणि संध्याकाळी बघतो तर टायर पुन्हा कबरेच्या तोंडावर.

मला वाटलं, घरंगळला असेल. सकाळी बाजूला करून खाली दगड लावला. संध्याकाळी पुन्हा जागेवर. असं रोज.

शेवटी मी नानांना गाठलं. म्हटलं, दिवसभर गावाला सांगत फिरता की येशू उठला, आणि स्वतःच्या हातानं त्याला पुन्हा कोंडता? कबर उघडी म्हणजे उघडी. यात तडजोड नाही. मी हे बरंच सविस्तर आणि मुद्देसूद सांगितलं. नाना शेळीच्या अंगावरचे गोचीड काढत होते. ते मला नावानं हाक मारत नाहीत.

"ए पत्रक," म्हणाले, "घाई कावून?"

हा त्यांचा दुसरा मंत्र. कशालाही हेच उत्तर. फादरांनाही त्यांनी हेच ऐकवलं. फादर रविवारी मोटारसायकलवर येतात. त्यांना मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी चर्चमध्ये जागा हवी होती, म्हणून त्यांनी कबर शनिवारपर्यंत काढायला सांगितली. नाना म्हणाले, ईस्टरचे पन्नास दिस असत्यात, तुमीच शिकीवलंय. फादर म्हणाले, सण पन्नास दिवस असतो नाना, कबर नव्हे. नाना टायरवर हात ठेवून उभे राहिले. फादरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे काम माझ्यावर आलं.

शनिवारी दुपारी मी विळा घेऊन कबरेच्या सुतळ्या कापायला गेलो. नाना टायरला पाठ लावून, पाय पसरून बसले होते. रोमन शिपायांनी असा पहारा केला असता तर चर्चचा इतिहास वेगळा झाला असता. मी तत्त्वाचं बोललो, शिस्तीचं बोललो, मुलांच्या शिबिराचं बोललो. शेवटी आवाजही चढवला. नाना नुसते रस्त्याकडे कान लावून होते.

"कारखान्याचा पट्टा पडून, गाळप संपून चार दिस झाले," एवढंच म्हणाले.

मग हॉर्न वाजला. वेशीतून ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत गाठोडी, पत्रे, कोंबड्या, पोरं आणि त्यांच्यावर माणसं. नाना तरुणासारखे पळाले. मार्थाला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, त्यांनी ट्रॉलीतून उतरवलं ते सरळ चर्चकडेच चालवलं. ती म्हणत होती, आबा, तोंड तरी धुऊ द्या, आधी पाणी तरी द्या. मागून बाकीचे कोयतेही आले, पायात चपला, अंगावर पाचटाची धूळ, कुणाच्या कडेवर झोपलेलं पोर.

नानांनी टायरला खांदा लावला. टायर हलेना, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता कर की घाई." मी विळा ठेवून जोर लावला. टायर बाजूला गेला.

मार्थानं वाकून आत पाहिलं. "कुनी न्हाई की आबा."

"आत्ताच उठला," नाना म्हणाले. "तुमी येऊस्तर थांबिवला हुता."

माझ्याकडे याच्यावर निदान तीन आक्षेप होते. मार्था खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली, मग तिचं हसणं वेगळंच व्हायला लागलं. नानांनी एक हात टायरवर ठेवून दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. तिनंच मग पदराआडून सांगितलं, "खरंच उठला हाय, आबा. आता पाणी द्या."

पाणी आणायला मी गेलो. नानांना टायर सोडता येत नव्हता. जमीन उताराची होती, घाईत खाली दगड लावायचा राहिला होता, हात काढला असता तर कबर पुन्हा बंद झाली असती.