हवेतला उजेड

लढाई लांब कुठंतरी चालू होती, पण तिचा हुकूम जिंतूर तालुक्यात माणिकराव पाटलांच्या गावापर्यंत येऊन पोचला. आकाशात हलता उजेड दिसला, की शत्रूचं विमान असेल म्हणून पाटलानं आधी तहसिलीत कळवायचं आणि मग तो कशाचा आहे ते ओळखायचं. उशीर झाला तर पाटीलकी जप्त. चुलतभाऊ लिंबाजी त्या पाटीलकीवर डोळा ठेवूनच होता. त्यामुळे पाटील जेवतानासुद्धा ताटाकडे कमी आणि आकाशाकडे जास्त बघू लागले.

अवसेला दिवेलागणीनंतर उजेड दिसला. उत्तरेला, पिवळट, हळूहळू वर सरकणारा. पाटलांनी घोड्यावरून माणूस तहसिलीला पिटाळला आणि मग ओळखायला म्हणून अंगणात उभे राहिले.

चुलीपुढून पाटलीण तानुबाई म्हणाल्या, "येडबा धनगर हाय त्यो. दुपारीच मेंढरं घिऊन डोंगरावर चढलाय. कंदील घिऊन फिरायलाय."

पाटलांनी निरखून पाहिलं. अंधारात डोंगर गडप झाला होता, पण उजेड होता बरोबर डोंगराच्याच जागी.

"आधी कामून न्हाई सांगितलं?"

"तुमी आधी कळवलं, मंग इचारलं."

खोटी खबर दिली तरी पाटीलकी जात असे. पाटलांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी तहसिलीतून उलट निरोप आला, की महसूल अंमलदार गिरदावरसाहेब उद्या स्वतः उजेड बघायला येत आहेत. आता उजेड दाखवणं भाग होतं आणि उजेड तर त्याच दिवशी खाली उतरणार होता. येडबाचा कळप खतासाठी लिंबाजीच्या शेतात बसायचा ठरला होता. पाटील धापा टाकत डोंगर चढले.

"येडबा, उद्याची रात बी हितंच बस."

"हितं? पाटील, समदा खडक हाय. खत कुनाला घालू?"

"खडकाला घाल. जवारी मी देतो."

येडबानं आजवर पुष्कळांच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या, पण खडकाला खत घालणारा कास्तकार त्याला पहिल्यांदाच भेटला. त्यानं थोडा विचार केला.

"खडकाला दुप्पट लागंल, पाटील."

दुसऱ्या दिवशी गिरदावरसाहेब आले ते अंधार पडल्यावरच. कोंबडी झाली, पान झालं आणि मग सगळे चावडीपुढे बसले. उजेड वेळेवर निघाला. पाटलांचा जीव भांड्यात पडला. पण ज्याचं खत बुडालं होतं तो लिंबाजी गप्प बसेना.

"साहेब, त्यो मेंढक्याचा कंदील हाय."

"आसमान में बकरे चररे क्या? चुप बैठो जी," गिरदावरसाहेब म्हणाले आणि त्यांनी मान वर करून पुन्हा पाहिलं. "हवाई जहाजच हाय. पाटील, शाब्बास!"

खरं बोलून गप्प बसावं लागलेला माणूस फार केविलवाणा दिसतो. पाटलांनाही क्षणभर लिंबाजीची दया आली. तेवढ्यात साहेबांनी हुकूम दिला. एवढ्या हुशार पाटलानं खाली बसून उपयोग नाही. आता रोज संध्याकाळी डोंगरावर जायचं आणि विमान जवळून बघायचं.

येडबा कळप घेऊन उतरला आणि पाटील चढले. वाटेत विंचू-काटा फार, म्हणून हातात कंदील. वर भाकरी खायची, रिकाम्या आकाशाकडे बघायचं आणि घरी यायचं. आठवडा असा गेल्यावर गुडघे बोलू लागले, तोच तहसिलीतून नवीन हुकूम आला.

पलीकडच्या बोरी गावच्या आबासाहेब पाटलांनी खबर दिली होती. तुमच्या बाजूला नवा उजेड दिसतो. हळू चढतो, मधे मधे थांबतो. जवळून बघणारे तुम्हीच आहात, तरी लगेच ओळखून कळवा.

पाटलांनी हुकूम तानुबाईंना वाचून दाखवला.

"मंग कळवा की, तुमीच हाव म्हणून."

"आन् गिरदावरसाहेबानं पाह्यलं ते काय व्हतं, असं इचारलं तर?"

"त्यो येडबा व्हता."

"साहेबानं हवाई जहाज लिवून धाडलंय. मी येडबा कसा लिवू?"

तानुबाईंनी उठून कंदिलात तेल घातलं आणि फडक्यात दोन भाकरी जास्त बांधल्या.

पाटलांनी खाली मान घालून जबाब लिहिला, "उजेड रोज अगदी जवळून पाहतो. ओळख पटत नाही." आणि काठी टेकत ते डोंगराकडे निघाले.