जर्मनीच्या थंडीची तालीम

रविवारची उपासना संपून बाहेर चहा-बिस्किटांची रांग लागली होती, म्हणून पुढं आलेल्या अर्जावर मी न वाचता सही केली. चूक एवढीच. (पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली की हात आपोआप चालतो.) घरी आल्यावर कळलं, की मी आणि कमल जर्मनीतल्या एका चर्चच्या वृद्धाश्रमात वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायला तयार आहोत.

कमल म्हणजे माझी बायको. नर्स म्हणून रिटायर झाली. चोविसाव्या वर्षी तिला परदेशात नोकरी चालून आली होती, ती तिनं माझ्याशी लग्न ठरलं म्हणून सोडली. हे तिनं आजवर एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. अर्ज गेल्यापासून ती पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली होती. तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

पण खरं सांगतो, मला थंडी सोसत नाही. डिसेंबरात धारवाडात मी कानटोपी घातल्याशिवाय दूध आणायला जात नाही. तिकडं म्हणे उणे बारा असतं. शून्याच्या खाली मी आजवर फक्त गणितात गेलो होतो.

गुरुवारी चार वाजता तिकडच्या बाई व्हिडिओवर मुलाखत घेणार होत्या. "थंडी सोसेल ना?" असं त्यांनी विचारलं, की माझं तोंडच सांगणार, नाही. आणि कमलचं जाणं दुसऱ्यांदा माझ्यामुळं राहणार. म्हटलं, आधी सवय करू. माझा दोस्त हणमंत जवळच्या तारिहाळ गावात एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. मुलाखतीच्या दिवशीच दुपारी दोन स्वेटर चढवून मी तिथं हजर झालो.

"अण्णा, बेडा, नको," हणमंत म्हणाला. "आत सगळी ब्याडगी मिरची भरलीय."

"मी कुठं मिरची खायला आलोय? अर्धा तास बसतो की."

"बसा. पण कशाला हात लावू नका."

दार बंद झालं. पाच मिनिटांत दात वाजायला लागले. दहाव्या मिनिटाला बोटं बधिर झाली, म्हणून ती मी दोन पोत्यांच्या मधे खुपसली. विसाव्या मिनिटाला नाक गळायला लागलं आणि रुमाल होता दोन स्वेटरांच्या खाली, शर्टाच्या खिशात. (पुढचं सांगायलाच पाहिजे का?) हातानं नाक पुसलं, मग डोळे पुसले, मग डोळ्यांना काय झालं म्हणून पुन्हा डोळे पुसले. हणमंतानं दार उघडलं तेव्हा मी प्रभूचा धावा करत होतो, तोही कानडीत, कारण मराठी आठवत नव्हतं.

"अहो, हे काय करून घेतलंत?" कमलनं घराच्या दारातच विचारलं.

"थंडीची सवय," मी म्हणालो. मिरचीचंही सांगून टाकलं. तिनं कपाळाला हात लावला. चारला पाच मिनिटं कमी होती.

लॅपटॉपसमोर बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पडद्यावरच्या बाई एकदम हळव्या झाल्या. घर सोडायचं इतकं वाईट वाटतंय का, तुमच्यावर जबरदस्ती तर नाही ना, असं त्यांनी विचारलं. मी "नो, नो" म्हणायला तोंड उघडलं आणि ओळीनं नऊ शिंका आल्या.

"मग आपण इथंच थांबू या," बाई म्हणाल्या.

कमलनं समोरची सर्टिफिकिटांची फाइल हळूच मिटली. डोळ्यांची आग सोसली, पण ते मला सोसेना.

"सांग त्यांना सगळं," मी म्हणालो. "लाज गेली तर माझी जाईल."

कमलनं इंग्रजीत कोल्ड स्टोरेजपासून शिंकांपर्यंत सगळं सांगितलं. बाई इतक्या हसल्या की पडद्यावर नुसती त्यांची खुर्ची दिसायला लागली.

शनिवारी ईमेलनं पत्र आलं. दोघांची निवड झाली होती. कमलला आजारी म्हाताऱ्यांचा विभाग मिळाला, तिला हवा होता तोच. ती वाचता वाचता रडली, आणि तेही मिरचीशिवाय.

माझ्याबद्दल खाली दोन ओळी होत्या. पहाटे पाच वाजता आश्रमाच्या वाटेवरचं बर्फ फावड्यानं उपसायचं काम चार वर्षांत एकाही स्वयंसेवकानं घेतलेलं नाही. थंडीची इतकी हौस असलेला उमेदवार प्रथमच लाभल्यामुळं ते मला देताना त्यांना अतिशय आनंद होत आहे.