दसऱ्याला उघडलेलं पार्सल

पितृपक्षात पार्सल मागवायचं ठरलं, तिथूनच सगळं सुरू झालं.

ठरवलं हर्षलनं. त्या दिवसांत लोक खरेदी करत नाहीत, म्हणून झोपाळ्यावर घसघशीत सवलत होती, आणि सवलत दिसली की हर्षलला पितर दिसायचे बंद होत. पुष्पांजलीला सवलतीशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला झोपाळा हवा होता. लग्न होऊन ती बुलढाण्याला आली, वरच्या मजल्यावरच्या हातभर गॅलरीत पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हाच तिला तो दिसला होता. वेताचा, गोलसर, छताच्या हुकाला टांगलेला. घाटातून धुकं वर येतंय, त्यात पाण्याच्या टाकीचं डोकं तेवढं तरंगतंय, हातात चहाचा कप, आणि पाय जमिनीला लागत नाहीत. (तो चहा कोणी केला, हे मात्र स्वप्नात कधी दिसलं नाही.)

पार्सल आलं. सासूबाईंनी, म्हणजे मंजुळाबाईंनी, ते उंबऱ्यातच अडवलं.

"आत आना, पन उघडू नका. पितरांच्या दिवसांत नवी वस्तू उघडतेत का कोनी? दसऱ्याले उघडू."

"आई, बदलून पायजे असली तं सातच दिवस भेटतेत."

"नवी वस्तू बदलाची कायले?"

हर्षलनं खोकं मुकाट आत ओढलं. एरवी तो ऐकून घेणाऱ्यांतला नव्हे. ज्या कॉलेजात तो क्लार्क होता, तिथं ग्राहक दिनाचं भाषण दरवर्षी तोच ठोकायचा, आणि बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचीही पावती मागायचा. पण कायदा आईला लागू नसतो, हे कलम त्याला लहानपणापासून पाठ होतं.

खोकं हॉलच्या कोपऱ्यात राहिलं. त्यावर आधी वर्तमानपत्रं आली, मग इस्त्रीचे कपडे, मग वाळवणाचं ताट. पुष्पांजली येता-जाता त्याला नुसता हात लावायची. आतून ओल्या वेताचा वास येतोय, असं तिला वाटायचं. दुपारी घर निजलं की ती खोक्याला टेकून बसायची, आणि फरशी तिच्याखालून हळूच झुलायला लागायची.

दसऱ्याला खोक्याची पूजा झाली. मंजुळाबाईंनी कुंकवाचं स्वस्तिक नेमकं पत्त्याच्या चिठ्ठीवर काढलं. (सपाट जागा तेवढीच होती.) शेजारच्या जनकाबाई सोनं द्यायला आल्या होत्या, त्याही थांबल्या. हर्षलनं पुरावा म्हणून मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. चिकटपट्टी कापली, थर्माकोल निघालं, आणि त्यामागून निघाला पाळणा. बाळाचा. गुलाबी मच्छरदाणीसकट.

मग मंजुळाबाईंनी हात जोडले.

"पितरांनीच धाडला वं माय!"

जनकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. रिकामा पाळणा हलवू नये, म्हणून मंजुळाबाईंनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणून त्यात निजवला आणि गुणगुणत जोजवायला घेतला. पुष्पांजलीची गॅलरी, धुकं, टाकी, सगळं हळूहळू त्या गुलाबी जाळीत गुंडाळलं गेलं.

हर्षल पेटला. त्यानं कंपनीला व्हिडिओ पाठवला आणि फोन लावला.

"मॅडम, मी झोपाळा मागवला होता. पाळणा आलाय."

"सर, सात दिवस होऊन गेलेत. शिवाय आम्ही व्हिडिओ पाहिला."

"मग?"

"त्यात सगळे खूपच खूश दिसतायत, सर. एक आजी अंगाई म्हणतायत."

"ती माझी आई आहे!"

"अभिनंदन, सर."

मग हर्षलनं रीतसर तक्रार लिहिली. दाखवला एक आणि पाठवला दुसरा, तर माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आणि दावा लावायला ग्राहकाला कंपनीच्या गावी जावं लागत नाही, जिल्हा ग्राहक आयोग आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे. त्यानं ती पुष्पांजलीला मोठ्यानं वाचून दाखवली. तिला कलमं कळली नाहीत, पण त्या वाक्यांच्या लांबलचक हेलकाव्यांत तिला झोका लागत होता.

कंपनी नमली. पाळणा द्या, झोपाळा घ्या. कुरिअरवाला झोपाळा घेऊन खाली दाराशी येऊन थांबलासुद्धा.

"देव निजला त्यात," मंजुळाबाई पाळण्याला धरून बसल्या. "मी देत नाही."

"आई, कायद्यानं आपल्याले..."

"कायद्याले म्हना, वर ये अन् माह्याशी बोल."

"साहेब, लवकर करा," खालून आवाज आला. "नाहीतं मी वापस घेऊन जाऊन राह्यलो!"

हर्षल वरून खाली, खालून वर धावत होता. पुष्पांजलीला समोर तिचा झोपाळा टेम्पोत बसून घाट उतरताना दिसायला लागला. या घरात तिचं बोलणं 'हो आई'च्या पुढं फारसं गेलं नव्हतं. आज गेलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "पहिला पाळणा तं माहेराहून येत असते ना? माह्या आईले किती वाईट वाटन."

मंजुळाबाई थबकल्या. त्यांनी सुनेकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मध्येच कुठंतरी नजर थांबवली.

"असं व्हय," त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. बाळकृष्ण देव्हाऱ्यात गेला, पाळणा जिना उतरला, झोपाळा वर आला. साऱ्या कलमांना जे जमलं नाही ते आपल्या एका वाक्यानं केलं, म्हणून पुष्पांजली मनातल्या मनात स्वतःवर फार खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आलं. टाकी तरंगली. चहा तिनंच केला. एक हात वेतावर ठेवून ती टेकणार, इतक्यात शेजारच्या गॅलरीतून जनकाबाई ओरडल्या, "थांब वं! या दिवसांत झोक्यावर बसतेत का कोनी?"

मंजुळाबाई धावत आल्या आणि त्यांनी आधी तिच्या हातातला कप काढून घेतला. "चहा बी कमी कर आता, पोरी."

"आई, तसं काही नाही हो!"

"हाव, हाव," जनकाबाई डोळे मिचकावत म्हणाल्या. "तीन महिने असंच म्हना लागते."

"खरंच नाही!"

"पाहा, कशी लाजली."

दुपारपर्यंत तीन घरांतून चिंचा आल्या. माहेराहून, साखरखेर्ड्याहून, तिच्या आईचा फोन आला. ती आधी रडली आणि मग पाळण्याचा रंग कोणता हवा ते विचारू लागली. झोपाळा मजबूत आहे का, ते पाहायला मंजुळाबाई जराशा टेकल्या, त्या लसूण सोलत तिथंच झुलत राहिल्या. पुष्पांजली दाराला टेकून उभी राहिली. पाय जमिनीवर, अगदी घट्ट.

संध्याकाळी हर्षल कॉलेजातून आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. तिला बरं वाटलं. निदान हा माणूस तरी पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, तिच्या कानाशी वाकला आणि दुखावल्या आवाजात म्हणाला,

"साऱ्या गल्लीले माहीत आहे. मलेच काऊन नाही सांगितलं?"