अजाबराव वाघ पाहायला निघाले

ईशान, रेवा, आमच्या मेडशीचे अजाबराव भाऊ कुणालाही दोन मिनिटांत नातेवाईक करून टाकतात. दवाखान्यात इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सला त्यांनी विचारलं, "तुमचं माहेर कोनतं जी?" सुई बाहेर निघेपर्यंत ती त्यांची भाची झाली होती. स्वतः मात्र भाऊंनी लग्न केलं नाही. त्यांची आई गेल्यापासून माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात.

मी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर ठणकावून सांगितलं होतं ना, की यंदा मेळघाटात जाऊन वाघ पाहीन आणि त्याचा फोटो पाठवीन? तुम्ही दोघंही खो खो हसलात. ते तुमच्या आजीला लागलं. एकटीनं जायची हिंमत नव्हती, म्हणून भाऊंना विचारलं.

"पंचाहत्तरीच्या वर एसटीत तिकीट नाही आपल्याले," ते म्हणाले. "मंग घरी काहून बसाचं, वहिनी? चला!"

स्वस्तात जंगल पाहायचं तर आखणी चोख हवी. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. यादी केल्याशिवाय मी बाजारातही जात नाही. सेमाडोहला डॉर्मिटरीत दोन खाटा, दुपारी जंगलात फिरायला जिप्सी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, टॉर्च, औषधं. वाटेत एसटी चुकली तर असू द्यावा म्हणून एक दिवस हातचा धरला. नेमक्या निघालो त्या दिवशी तिन्ही गाड्या वेळेवर आल्या.

शेवटच्या गाडीत शेजारी तान्ही मुलगी घेऊन एक बाई बसली होती. वर्षा तिचं नाव. वनरक्षकाची बायको, माहेरून सेमाडोहला परत निघालेली.

"कोन्या गावची तू?"

"किन्हीराजाची."

"अन् आजीचं माहेर?"

"शिरपूर."

"घ्या! माह्या मावशीचं सासर शिरपूर. माही नात झाली तू!"

या हिशोबानं अर्धा जिल्हा त्यांची नात लागतो, असं मी म्हणणार होते. पण वर्षानं "आबा" म्हणून मुलगी त्यांच्या हातात दिलीसुद्धा.

सेमाडोहला मी फाइल उघडून कागद पुढे केला. तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, "आज्जी, बुकिंग उद्याचं आहे. आज एकही खाट रिकामी नाही." परतीची गाडी नव्हती. मी त्याला आखणीचं महत्त्व समजावू लागले, तोवर भाऊ माझी पिशवी उचलून चालू पडले होते.

"तुमी उद्या या फाइलीत राहा," ते म्हणाले. "आज नातीकडे."

वर्षाच्या नवऱ्यानं काहीही न विचारता चटया टाकल्या. माझ्या दशम्या, तिचं पिठलं. हातचा धरलेला दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी मी सामान डॉर्मिटरीत लावलं आणि दुपारी जिप्सी घेऊन भाऊंना आणायला गेले. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर वर्षाची मुलगी. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तसा त्यांनी त्याच्यावर असे डोळे वटारले, की त्यानं इंजिनही बंद केलं.

"भाऊ, चला."

"तुमी जा. पोरगी झोपली."

"तिच्या आईकडे द्या ना! वाघ पाहायला आलो आपण!"

"तिले उठवू काय मंग?"

मी चिडले. एकटी गेले. आणि मुलांनो, वाघ दिसला! डाव्या बाजूनं आला, आमच्यासमोर रस्ता ओलांडला, कसलीही घाई नाही. मी झटकन फोटो घेतला. मोबाइलचा कॅमेरा माझ्याकडे वळलेला होता, हे नंतर कळलं. फोटोत मीच आहे: टोपी कानावर, तोंड उघडं. तोच पाठवते आहे. हसा.

परत आले ती जवळजवळ धावतच. भाऊ तिथंच, तसेच. मुलगी मध्ये उठली, दूध प्यायली आणि पुन्हा त्यांच्याच मांडीवर झोपली, असं वर्षा म्हणाली.

"भाऊ, मला वाघ—"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "पायाले कवाच्या मुंग्या आल्या, वहिनी. पन आजवर माह्या अंगावर कोनी झोपलंच नाही."

मी चपला काढल्या आणि ती उठेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिले.